सैनिकाच्या दगडावरची शेवटची ओळ

कष्टाळू, कुटुंबवत्सल, माजी सैनिक. एखादा वृद्ध सैनिक गेला की त्याच्याविषयी लिहिताना हे तीन शब्द हमखास एकत्र येतात. पण साध्या शिपायाच्या कबरीवर त्याच्या नावाचा दगड असावा, ही पद्धतच फारशी जुनी नाही. युरोपातल्या जुन्या लढायांनंतर पुतळे उभे राहिले ते सेनापतींचे. शिपाई बहुधा एकाच खड्ड्यात पुरले जात.

अमेरिकेच्या यादवी युद्धात हे बदलू लागलं. १८६२ साली तिथल्या काँग्रेसने राष्ट्रीय दफनभूमींना मंजुरी दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हर्जिनियातल्या छावणीत जनरल डॅनियल बटरफिल्डने 'टॅप्स' ही बिगुलाची २४ स्वरांची धून बसवून घेतली. ती मुळात रात्री दिवे मालवण्याची खूण होती, नंतर अंत्यविधीची झाली. १८७९ मध्ये खासगी दफनभूमीतल्या माजी सैनिकांनाही सरकारी दगड मिळू लागला. मला हा बदल फार मोठा वाटतो, कारण त्यामुळे घरच्या माणसांशेजारी विसावलेल्या माणसाच्या उशाशीही त्याच्या सेवेची नोंद आली.

पहिल्या महायुद्धात फेबियन वेअर रेड क्रॉसच्या एका पथकाबरोबर फ्रान्समध्ये होते. कबरींची नोंद कोणीच नीट ठेवत नाही हे पाहून त्यांनी ते काम अंगावर घेतलं. त्यातून १९१७ मध्ये ब्रिटिश साम्राज्याचा युद्धकबर आयोग स्थापन झाला. अधिकारी असो वा शिपाई, दगड एकाच मापाचा, असं आयोगाने ठरवलं. मृतदेह मायदेशी न आणण्याचा निर्णय मात्र अनेक घरांच्या जिव्हारी लागला. त्या घरांच्या वाट्याला दगडाच्या तळाशी एक ओळ आली. तिच्यात मोकळ्या जागा धरून ६६ अक्षरं बसत आणि दर अक्षरामागे साडेतीन पेन्स पडत. पुढे ही रक्कम ऐच्छिक केली गेली. न्यूझीलंडने समानतेच्या आग्रहापायी आपल्या सैनिकांसाठी ती ओळही नाकारली. हुद्दा, पलटण आणि तारीख लष्कर लिहून देई. तो कुणाचा मुलगा, कुणाचा बाप, हे सांगायला घरच्यांकडे एवढीच जागा होती.

जे जिवंत परतले त्यांची गोष्ट वेगळी. माजी सैनिकांना शिक्षणासाठी आणि घरासाठी मदत देणाऱ्या १९४४ च्या 'जीआय बिल' या कायद्यामुळे अमेरिकेत १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण किंवा कामाचं प्रशिक्षण घेतलं, लाखोंनी कर्ज काढून घरं घेतली. गणवेशातली दोन-चार वर्षं संपली आणि पुढची चाळीस वर्षं कामाच्या पाळ्या करण्यात, हप्ते फेडण्यात आणि मुलं वाढवण्यात गेली.

२००० सालापासून तिथल्या कायद्याने, कुटुंबाने मागणी केल्यास, पात्र माजी सैनिकाच्या अंत्यविधीला किमान दोन गणवेशधारी येतात आणि 'टॅप्स' वाजते. झेंड्याच्या १३ घड्या घालतात. शेवटी लाल-पांढरे पट्टे आत जातात, निळ्यावरचे तारे तेवढे दिसतात, आणि तो त्रिकोण बायकोच्या किंवा मुलांच्या हाती दिला जातो. या मानवंदनेसाठी घरच्यांना बहुधा कपाटातून त्याचा सेवामुक्तीचा कागद शोधावा लागतो. त्यावर भरती आणि सुटकेच्या तारखा, हुद्दा आणि पदकं असतात. पुढच्या चाळीस वर्षांबद्दल त्यात काहीच नसतं. ते आता सरकारी दगडावरच, अगदी खाली, घरच्यांना जोडता येतं: 'लाडका पती, बाबा आणि आजोबा'.