लडाखच्या नकाशाची ऑर्डर देताय? आकडे पाठवायच्या आधी हे वाचा

त्सो कार, त्सो मोरीरी या तलावांची किंवा पारांग ला खिंडीच्या ट्रेकची शीट मागवताना बरेच जण अक्षांश-रेखांश टाइप करून पाठवतात आणि घोळ तिथेच होतो. फोनवर त्सो कारचा अक्षांश साधारण 33.30 दिसतो, तो 33 अंश 30 मिनिटं नाही! एका अंशात 60 मिनिटं, म्हणजे .30 ची झाली 18 मिनिटं. तुम्ही 30 मिनिटं लिहिलंत की शीट 12 मिनिटं उत्तरेला सरकते, एक मिनिट म्हणजे जवळपास 1.85 किमी, म्हणजे झाली 22 किमीची चूक. आमच्या 1:50,000 च्या ए-टू शीटवर जेमतेम 30 बाय 21 किमी भाग मावतो, त्यामुळे तलाव शीटवर येतच नाही, मग परत प्रिंट, परत कुरियर आणि तुमची निघायची तारीख तोंडावर.

म्हणून आकडे टाइप करूच नका, सरळ पिन शेअर करा आणि सोबत जवळच्या गावाचं नाव लिहा, कोरझोक, किब्बर, हानले, जे असेल ते. दोन्ही जुळलं नाही तर आम्ही छापायच्या आधी फोन करतो. प्रूफ तुम्ही ओके केल्यावर मात्र फुकट बदलून मिळत नाही, वॉटरप्रूफ कागद महाग आहे आणि छापलेली शीट दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, 10 मीटरवर द्या असंही खूप जण म्हणतात. आम्ही 40 मीटरच ठेवतो. उंचीचा डेटा 2000 साली स्पेस शटलवरच्या रडारने घेतलेला आहे, त्यात साधारण 30 मीटरला एक आकडा, त्यातून सॉफ्टवेअर 10 च्या रेषा काढून देईल पण त्यातल्या बऱ्याचशा खोट्या असतील आणि उतारावर माणूस त्या रेषांवर विश्वास ठेवून पाय टाकतो. सीमारेषा सर्व्हे ऑफ इंडियाप्रमाणेच छापतो, कायदाच तसा आहे, फोनवर वेगळी दिसली तरी.

पारांग लाला जाणाऱ्यांनी दोन शीटचा जोड घ्यावा. खिंडीच्या उत्तरेला उगम पावणारी पारे चू लडाखातून तिबेटात जाते आणि हिमाचलातल्या सुमदोला परत येऊन स्पिती नदीला मिळते, त्सो मोरीरीतून मात्र पाणी बाहेर जातच नाही. नोरबू सुमदोपाशी नदी ओलांडून तलावाकडे वळायचं असतं आणि तिथलं खोरं इतकं सपाट की कंटूर जवळजवळ नाहीतच, एकाच शीटवर वळण कुठे ते कळत नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या की लगेच दिसतं. नदी सकाळीच ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं, म्हणून त्या जागेवर आम्ही निळी खूण छापून देतो.