संग्राहक आवृत्ती (सुपरहिरो कॉमिक्स)

संग्राहक आवृत्ती : गाजलेल्या जुन्या सुपरहिरो कॉमिक्सचे अंक एकत्र करून मोठ्या आकारात, टिकाऊ कागदावर, पक्क्या बांधणीत आणि पुष्कळदा मोजक्याच प्रतींत काढलेले पुनर्मुद्रण. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेतील कॉमिक्सच्या धंद्यातून आला. वाचून फेकून देण्यासाठी छापलेली गोष्ट जपून ठेवण्याजोगी करायची, हा त्यातला मूळ विरोधाभास. त्यामुळे अशा प्रत्येक आवृत्तीला आधी एक प्रश्न सोडवावा लागतो : ‘मूळ’ म्हणायचे कशाला? चित्रकाराने काढलेल्या पानाला, की बाजारात आलेल्या छापील अंकाला?

‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक जून 1938 ही तारीख घेऊन आला. त्यात सुपरमॅन प्रथम अवतरला आणि किंमत होती 10 सेंट. कागद वर्तमानपत्राचा, लाकडाच्या लगद्यापासून केलेला. अशा कागदातले लिग्निन (लाकडातला एक घटक) आणि आम्ल त्याला आतूनच खात जातात. तो आधी पिवळा पडतो, मग कडा तुटू लागतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, तेव्हा कॉमिक्सचे ढीगच्या ढीग त्यात गेले. जे वाचले ते दुर्मीळ झाले. 2014 मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या त्या अंकाची एक प्रत 32 लाख डॉलरला विकली गेली. स्पायडर-मॅनची पहिली कथा असलेल्या ‘अमेझिंग फँटसी’ क्र. 15 च्या एका प्रतीला 2021 मध्ये 36 लाख डॉलर मिळाले. गंमत अशी की एवढे पैसे मोजणाऱ्यालाही तो अंक वाचता येत नाही. प्रतवारी झालेली, म्हणजे स्थिती तपासून दर्जा ठरवलेली, प्रत कडक प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद असते आणि सील फोडले की प्रतवारी गेली. वाचणाऱ्याची भिस्त पुनर्मुद्रणावरच.

पुनर्मुद्रणाचा फसवणुकीसाठीही उपयोग झाला. सुपरमॅनची प्रकाशक कंपनी डीसीने 1974 पासून ‘फेमस फर्स्ट एडिशन’ या मालिकेत आपले पहिले-पहिले अंक मोठ्या आकारात जसेच्या तसे छापले. मालिकेचे नाव फक्त बाहेरच्या जाड वेष्टनावर होते. ते फाडून टाकले की आत जुन्या मुखपृष्ठाची हुबेहूब नक्कल. काहींनी ती खरा 1938 चा अंक म्हणून विकली. ओळखायची खूण सोपी आहे : नक्कल मूळ अंकापेक्षा उंचीने आणि रुंदीने चांगलीच मोठी आहे. पट्टी हाताशी असली तर फसण्याचे कारण नाही. पुढे मार्व्हल या स्पायडर-मॅनच्या प्रकाशक कंपनीची ‘मास्टरवर्क्स’ (1987) आणि डीसीची ‘अर्काइव्ह एडिशन्स’ (1989) या पक्क्या बांधणीच्या मालिका सुरू झाल्या. 2005 पासून मार्व्हलने ‘ऑम्निबस’ म्हणजे अनेक अंकांचे जाडजूड खंड काढायला घेतले; त्यांच्या पहिल्याच खंडात ‘फँटॅस्टिक फोर’चे 30 अंक एकत्र आले.

हे खंड तयार करणे वाटते तितके सरळ नाही. प्रकाशकांनी मूळ चित्रे कित्येक वर्षे चित्रकारांना परत केलीच नाहीत. काही वाटली गेली, काही फाडून टाकली, काही चोरीला गेली. छपाईसाठी केलेल्या चांगल्या फिल्मही सगळ्या अंकांच्या उरल्या नाहीत. मग उरतो तो छापील जुना अंक. ग्रेग थीकस्टन यांनी त्यावर एक जालीम उपाय रूढ केला : अंकाची पाने रसायनाने धुऊन रंग उडवायचे, म्हणजे काळ्या रेषा तेवढ्या राहतात; त्यांचे छायाचित्र घेऊन नव्याने रंग भरायचे. रेषा अस्सल मिळते, पण एक जुना अंक कायमचा जातो. दुसरा मार्ग गिरवण्याचा. आजचा कलाकार जुन्या पानावरून रेषा पुन्हा काढतो. पण गिरवलेल्या रेषेत मूळ हाताचा जोर उतरत नाही. बोटे जाड होतात, चेहरे बधिर दिसतात. सुरुवातीच्या आवृत्त्यांवर जाणकारांचा राग होता तो यामुळेच. स्कॅनिंग सुधारल्यावर हे प्रमाण खूप कमी झाले.

रंगाचे दुखणे याहून खोल आहे. जुन्या अंकाचे पान भिंगाखाली धरावे : सुपरमॅनच्या गालाचा रंग म्हणजे पिवळ्यावर सांडलेले किरमिजी ठिपके, आणि एखादा ठिपका रेषेबाहेर ओठांच्या कडेवर गेलेला. निळा, किरमिजी आणि पिवळा यांच्या फिक्या, मध्यम, गडद छटा मिसळून जेमतेम 64 रंग मिळत. कागद शाई पिऊन टाकी, म्हणून रंगकार मुद्दाम भडक रंग निवडीत; छापून आल्यावर ते बेताचे दिसत. तेच रंग गुळगुळीत पांढऱ्या कागदावर ओतले की डोळ्यांना टोचतात. चकचकीत कागद म्हणजे उंची आवृत्ती, हा समज बऱ्याच खंडांना भोवला आहे.

दुरुस्तीच्या हौसेचे उत्तम उदाहरण म्हणजे हल्क. 1962 च्या पहिल्या अंकात तो करडा होता. छापखान्यात करडा रंग पानापानाला बदलू लागला, म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. नंतर कितीतरी वर्षे पहिल्या कथेच्या पुनर्मुद्रणातही तो हिरवाच रंगवला जाई; करडा हल्क परत आला तो 1980 च्या दशकात. चूकही इतिहासाचा भाग असते, हे प्रकाशकांना उशिरा पटले.

अलीकडच्या आवृत्त्यांनी ‘मूळ कोणते’ याची उत्तरे वेगवेगळी दिली आहेत. 2010 मध्ये आयडीडब्ल्यू या प्रकाशनसंस्थेने ‘आर्टिस्ट्स एडिशन’ सुरू केली. तिच्यात चित्रकाराचे पान त्याच्या खऱ्या आकारात येते. चित्र शाईचे असले तरी स्कॅन रंगीत असतो. म्हणून पेन्सिलीच्या निळ्या खुणा, पांढऱ्या रंगाने झाकलेल्या चुका, चिकटवलेले संवाद, सगळे दिसते. अर्थात पाने कुठेतरी टिकलेली असली, तरच हे शक्य. ‘अमेझिंग फँटसी’ क्र. 15 साठी स्टीव्ह डिटको यांनी काढलेली 24 पाने 2008 मध्ये एका निनावी दात्याने लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली, असे नशीब क्वचित. ताशेन या प्रकाशनसंस्थेने 2021 पासून उलटी वाट धरली : उत्तम स्थितीतल्या छापील अंकांची छायाचित्रे घेतली, छपाईतले दोष काढले, ठिपके मात्र ठेवले आणि वर्तमानपत्री कागदाची आठवण देणारा कागद खास बनवून घेतला. त्यातही क्रमांक घातलेल्या 1,000 प्रतींची वेगळी संग्राहक आवृत्ती आहेच. क्रमांकाने आतल्या कथेत काही भर पडत नाही, किमतीत पडते.

घेणाऱ्याने जॅकेट आणि खोक्यापेक्षा शिवण पाहावी. फरमे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) दोऱ्याने शिवलेला जाड खंड टेबलावर सपाट उघडतो. नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या खंडात दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग, म्हणजे नेमका ठोसा बसतो ती जागा, फटीत गडप होते.

या आवृत्त्यांनी श्रेयाचा हिशेबही थोडा चुकता केला. जुन्या अंकांत लेखक-चित्रकारांची नावे अनेकदा नसत. संशोधकांनी ती हुडकून अनुक्रमणिकेत घातली. बॅटमॅन घडवणाऱ्या बिल फिंगर यांचे नाव निर्मात्यांच्या ओळीत अधिकृतपणे यायला मात्र 2015 उजाडले.

काही कथा अडतात त्या आशयामुळे. युद्धकाळातल्या अंकांत जपानी आणि कृष्णवर्णीय माणसांची विकृत व्यंगचित्रे आहेत. प्रकाशक बहुधा सुरुवातीला सूचना देऊन ती तशीच छापतात. कॅप्टन मार्व्हल या जुन्या सुपरहिरोची (मार्व्हल कंपनीचा नायक तो नव्हे) ‘मॉन्स्टर सोसायटी ऑफ ईव्हिल’ ही 25 प्रकरणांची कथा 1943 ते 1945 या काळात क्रमशः आली होती. तिची 3,000 प्रतींची मर्यादित आवृत्ती 1989 मध्ये निघाली. डीसीने नवी जाहीर केली आणि 2018 मध्ये ती छापण्याआधीच मागे घेतली.