डिजिटल शांतताकार्य (मराठवाडा)

समाजगटांतली तेढ कमी व्हावी, अफवेला वेळीच आवर बसावा आणि आपसातले बोलणे तुटू नये यासाठी केलेला मोबाइल व इंटरनेटचा वापर. केनियात 2008 च्या सुरुवातीला, निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात लोकांनी कळवलेल्या घटना नकाशावर मांडणारे 'उशाहिदी' (स्वाहिलीत 'साक्ष') हे संकेतस्थळ याचे गाजलेले उदाहरण. तैवानमध्ये वापरले गेलेले 'पोलिस' (Pol.is) हे लोकांची मते गोळा करणारे ऑनलाइन साधन (पोलीस खात्याशी संबंध नाही) त्याहून चतुर : त्यात मत मांडता येते, दुसऱ्याच्या मताला होय-नाही म्हणता येते, पण उलट उत्तर देता येत नाही. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेमके उत्तरावरूनच पेटते.

मराठवाड्यातली तेढ काही मोबाइलने आणलेली नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 27 जुलै 1978 रोजी झाला आणि दलित वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा बहुतेक गावांत फोनच नव्हता. बदलला तो वेग. जून 2018 मध्ये वैजापूर तालुक्यात दरोडेखोर समजून जमावाने दोघांचा जीव घेतला. चोरांच्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवांचे ते दिवस होते. पुढच्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. तिचा 'स्टेटस'वर काय परिणाम होणार? स्टेटस 24 तासांत जाते, स्क्रीनशॉट मात्र राहतो, आणि ठाण्यासमोर गर्दी जमते ती तो पाहून.

अफवा तपासणे तसे सोपे. व्हिडिओ बीडचा म्हणून फिरतोय, पण गाड्यांवर एमएच 23 एकदाही दिसत नाही, दुकानाची पाटी भलत्याच लिपीत. म्हणजे तो बाहेरचा. हे हुडकायला दोन मिनिटे पुरतात. पटवायला माणूस लागतो. छापील खुलासा ग्रुपवर कोणी उघडतही नाही. शांतता कमिटीतले दोन्हीकडचे जाणते, पोलीस पाटील किंवा तंटामुक्ती समितीचा (ही मोहीम 15 ऑगस्ट 2007 पासूनची) अध्यक्ष यांची अर्ध्या मिनिटाची व्हॉइस क्लिप ऐकली जाते, कारण आवाज ओळखीचा असतो.

मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात, फेब्रुवारी 2024 मध्ये, जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद ठेवले गेले. हा उपाय शांतताकार्यात मोजू नये. नेट गेले की खुलासाही अडकतो. अफवा पारावर तोंडी चालतच राहते.

मार्च 2025 मध्ये बीड पोलिसांनी टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावे काढून नुसती पहिली नावे ठेवली. लोकांच्या मोबाइलमध्ये नंबर अजून आडनावासकटच सेव्ह आहेत.