पाठ केलेली प्रार्थना आणि 'व्यर्थ बडबड'

चर्चमधल्या उपासनेला नव्याने येऊ लागलेल्या माणसाला कुणीतरी हमखास सांगतं, "पाठ केलेली प्रार्थना म्हणू नका. येशूनेच तिला व्यर्थ बडबड म्हटलंय. मनातलं बोला." हे इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प राहवत नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायातल्या सातव्या वचनात येशू बडबडीविरुद्ध बोलतो, हे खरं. पण दोनच वचनं पुढे तो स्वतः 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना, म्हणजे आपण जिला प्रभूची प्रार्थना म्हणतो ती, शिकवतो. एका श्वासात मनाई आणि दुसऱ्या श्वासात तीच गोष्ट, असं तो कसं करेल?

स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना बहुतेकांना ठाऊक आहे, तिच्याबद्दल वेगळं सांगत नाही. गुडघे टेकावेत की उभं राहावं, डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत, पुस्तक हाती असावं की नसावं, यातही काही अडत नाही.

अडतं ते 'बडबड' या शब्दापाशी. ती कशाला म्हणायची हे त्याच वचनात आहे: पुष्कळ बोलल्याने आपलं ऐकलं जाईल असं ज्यांना वाटतं, त्यांचं ते बोलणं. म्हणजे शब्द पाठ आहेत की नवे, हा मुद्दाच नाही. शब्दांच्या ढिगाने देवाला वळवता येतं, हा समज म्हणजे बडबड. जुन्या करारात कर्मेल डोंगरावर बआल या दैवताचे साडेचारशे संदेष्टे सकाळपासून दुपारपर्यंत ओरडत होते. देवाचा संदेष्टा एलिया याची प्रार्थना दोन वचनांत संपली.

आणि तेच शब्द पुन्हा म्हटले तर? अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदा प्रार्थना केली ती 'त्याच शब्दांत', असं मत्तय स्पष्ट लिहितो. बायबलमधल्या एकशेछत्तिसाव्या स्तोत्रात 'त्याची दया सनातन आहे' हे पालुपद 26 वेळा येतं. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. प्राण जाताना त्याने आपल्या लोकांचे जुने शब्द उच्चारले. त्याला बडबड म्हणायची कुणाची छाती आहे?

मला फरक दिसतो तो असा. बागेतल्या प्रार्थनेत येशू दर वेळी पित्यापुढे वाकतो, 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणतो. बडबड करणारा देवालाच वाकवायला बघतो. अन्यायी न्यायाधीशाच्या दाराशी पुन्हा पुन्हा जाणारी, लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेल्या दाखल्यातली विधवाही एकच मागणं मागते. पण शब्द मोजून न्याय मिळेल असं तिला वाटत नाही. न्याय मागायला दुसरं दार नाही, म्हणून ती येते.

उलट बाजूही पाहा. येशूच्याच दुसऱ्या दाखल्यात मंदिरात उभा राहिलेला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, स्वतःच्याच शब्दांत बोलत होता. 'मी इतरांसारखा नाही' हे कुणी त्याला पाठ करायला दिलं नव्हतं. नीतिमान ठरून घरी गेला तो मात्र 'मज पाप्यावर दया कर' एवढंच म्हणणारा जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत तो कर गोळा करणारा. उत्स्फूर्त प्रार्थनेत दर चार शब्दांनी 'प्रभू, प्रभू' घालणारे आणि डोळे मिटून मंडळीलाच उपदेश करणारे मला खरोखर खटकतात. बडबड शोधायची तर आधी तिथे शोधावी. प्रभूची प्रार्थना गाडी सुटत असल्यासारखी अर्ध्या मिनिटात आटोपणारेही तितकेच खटकतात.

माझ्या आजीला शेवटच्या दिवसांत स्वतःचं वाक्य जुळवता येत नव्हतं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे तेविसावं स्तोत्र मात्र तिने शेवटपर्यंत म्हटलं. पाठ नसतं तर तिच्याजवळ प्रार्थनेला शब्दच उरले नसते.

म्हणून नवीन माणसाला मी प्रभूच्या प्रार्थनेपासूनच सुरुवात करायला सांगते. येशूच्या एका शिष्यानेसुद्धा त्याला 'आम्हाला प्रार्थना करायला शिकवा' असंच म्हटलं होतं. एका ओळीवर थांबायचं, तिच्याखाली आपलं त्या दिवसाचं जे असेल ते बोलायचं, मग पुढची ओळ. 'आमची रोजची भाकर' म्हणताना 'आमची'कडे लक्ष द्या. या अख्ख्या प्रार्थनेत 'मी' किंवा 'मला' एकदाही नाही. भाकर मागताना शेजारच्या घरातली चूल आज पेटली का, हे मनात आलं तर तिथेच थांबा. उरलेल्या ओळी उद्या म्हटल्या तरी चालतील.