मोओल्लार आणि ओरिएंटल विंड: तुर्की फ्यूजनमधला नेहमीचा घोळ

'तुर्की फ्यूजन' नावाची प्लेलिस्ट लावली की हे दोन बँड हमखास मागेपुढे वाजतात. दोघांकडे लोकवाद्यं आहेत, दोघांकडे ड्रम आहेत, दोघांचा बहराचा काळही सत्तरचं दशक. तरी एक रॉकच्या घरचा आणि दुसरा जॅझच्या.

मोओल्लार, म्हणजे मंगोल, हा १९६७ साली निघालेला रॉक बँड. ही पोरं अनातोलियात, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागात फिरली, गावाकडची वाद्यं शिकली आणि आपल्या प्रकाराला त्यांनी 'अनादोलू पॉप' असं नाव दिलं. जाहित बेरकाय गिटार वाजवतो तसाच बालामाही, म्हणजे लांब मानेचं तुर्की तंतुवाद्य. ओरिएंटल विंड उभा केला ओकाय तेमिझ या इस्तंबूलच्या तालवादकाने, पण स्वीडनमध्ये. त्यात सॅक्सोफोनवर स्वीडिश जॅझवाला लेनार्ट ओबेर्य आणि झुर्नावर हाजी तेकबिलेक. झुर्ना म्हणजे आपल्या सनईची नातेवाईक, फक्त आवाजाने जास्त भांडखोर.

फरक ओळखायचा तो लोकधुनेचं पुढे काय होतं यावरून. मोओल्लारकडे धून शाबूत राहते. तिच्याभोवती ऑर्गन आणि बास येतात, पण घूमफिरके ती परत येतेच, भावगीताच्या ध्रुवपदासारखी. ओरिएंटल विंडमध्ये धून ख्यालातल्या बंदिशीसारखी: एकदा मांडली की पुढचा सगळा खेळ उपजेचा, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं वाजवण्याचा. गाण्याचे शब्द आहेत म्हणजे रॉक, ही खूण मात्र फसवी. मोओल्लारची १९७१ साली फ्रान्समध्ये निघालेली, तिथल्या शार्ल क्रो या संगीत अकादमीचा पुरस्कार मिळवणारी तबकडी निव्वळ वाद्यसंगीताची आहे.

तालावरूनही निवाडा होत नाही, कारण आक्साक दोघांकडे सापडतो. आक्साक म्हणजे लंगडा. नऊ मात्रा, पण तीन-तीन-तीन नव्हे; २-२-२-३. रूपक तालाचे ३-२-२ ज्याच्या कानात बसलेत त्याला ही लंगडी चाल लवकर कळेल, फक्त लय बरीच चढी असते. अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेकने १९५८ च्या दौऱ्यात हा ताल तुर्कस्तानातल्या रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकला आणि पुढच्याच वर्षी त्यावर एक जॅझ रचना रेकॉर्ड केली. त्याच दौऱ्यात तो मुंबईतही वाजवून गेला होता.

आणि आल्तन ग्युन? हा २०१६ चा अॅमस्टरडॅमचा बँड, नावाचा अर्थ 'सोन्याचा दिवस'. तुर्की बायकांची याच नावाची एक भिशी असते. आळीपाळीने प्रत्येकीच्या घरी जमायचं आणि यजमानीणबाईला सोन्याचं नाणं द्यायचं. हा बँड जुनी लोकगीतं घेतो, सिंथेसायझरवर नाचवतो, पण धुनेला धक्का लावत नाही. मी त्याला डोळे झाकून मोओल्लारच्या पंगतीत बसवतो.