जोडलेला डेटा आणि जुळवलेला डेटा

दोन रुग्णालयांच्या फायली एका तक्त्यात आल्या की ‘डेटा इंटिग्रेट झाला’ असं सर्रास म्हटलं जातं. मधुमेहासारख्या जुनाट आजाराच्या जनुकीय अभ्यासात मात्र या शब्दाखाली दोन निराळी कामं दडलेली असतात. ही रक्ततपासणी, ही औषधांची चिठ्ठी आणि हा डीएनएचा नमुना एकाच माणसाचा आहे हे ठरवणं म्हणजे जोडणं. दोन ठिकाणच्या नोंदींचा अर्थ एकच आहे याची खात्री करणं म्हणजे जुळवणं.

जोडण्याचं काम ओळखीवर चालतं. ब्रिटनमध्ये लोकांना एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, क्रमांक असतो. म्हणूनच यूके बायोबँक या संशोधनासाठीच्या मोठ्या संग्रहाला २००६ ते २०१० या काळात घेतलेल्या सुमारे ५ लाख स्वयंसेवकांच्या जनुकीय माहितीला त्यांच्या रुग्णालयातल्या नोंदी जोडता आल्या. बॉस्टनमध्ये तयार झालेल्या आयटूबीटू या रुग्णनोंदींच्या संगणक प्रणालीत रुग्णाचे ठिकठिकाणचे क्रमांक एकाच क्रमांकाला बांधणारा खास तक्ता असतो. आपल्याकडे आभा हा आरोग्य खात्याचा क्रमांक देशभर सुरू झाला २०२१ मध्ये. जुन्या नोंदींत भिस्त नाव, वय आणि गावावरच. लग्नानंतर बाईचं आडनावच नाही, मधलं नावही बदलतं; मग माहेरच्या नावाची तपासणी आणि सासरच्या नावाची तपासणी संगणकाला दोन वेगळ्या बायकांच्या वाटतात. जोडणी चुकली तर एकाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, दुसऱ्याच्या साखरेला चिकटतो. हे वाईटच, पण अशा चुका बहुधा विखुरलेल्या असतात. त्यांनी जनुक आणि आजार यांच्यातला खरा संबंध फिका पडतो, उलटा होत नाही.

जुळवणीतली चूक तो उलटा करू शकते. म्हणून मला जास्त धास्ती तिचीच वाटते.

सोपी उदाहरणं आधी. उपाशीपोटी साखर एका फायलीत १२६, दुसरीत ७.०. एकक वेगळं, साखर तेवढीच. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी एकीकडे ६.५ टक्के, दुसरीकडे ४८; फरक पुन्हा एककाचाच. हे डोळ्यांना दिसतं. जीनोमचा पत्ताही असाच बदलतो. टाइप २ मधुमेहाशी घट्ट संबंध असलेला टीसीएफ७एल२ जनुकातला आरएस७९०३१४६ या क्रमांकाचा बदल दहाव्या गुणसूत्रावर जीनोमच्या जुन्या प्रमाण नकाशात ११,४७,५८,३४९ या जागी आहे आणि नव्यात ११,२९,९८,५९० या जागी. जागा बदलून देणारी साधनं आहेत, ती चालवली की झालं.

खरी मेख डीएनए ज्यांत लिहितात त्या ए, टी, सी, जी या अक्षरांत आहे. डीएनएच्या दोन धाग्यांत ए समोर टी असतो, सी समोर जी. एका प्रयोगशाळेने एक धागा नोंदवला आणि दुसरीने समोरचा, तर टीसीएफ७एल२ मधला सी-टी बदल तिकडे जी-ए दिसतो. अक्षरंच वेगळी, त्यामुळे गोंधळ लगेच पकडला जातो. पण एफटीओ जनुकातला आरएस९९३९६०९ पाहा. वजन आणि त्यातून मधुमेहाची जोखीम वाढवणारा हा बदल ए-टी असा आहे. समोरच्या धाग्यावर तो टी-ए होतो, म्हणजे पुन्हा तीच दोन अक्षरं! एका फायलीतला जोखमीचा ए दुसरीत टी म्हणून उतरतो, तक्ता निमूटपणे जुळतो आणि त्या फायलीतली जोखीम उलटी मोजली जाते. अक्षर किती जणांत सापडतं ते पाहून धागा ओळखता येतो. पण प्रमाण निम्म्याच्या जवळ गेलं की तोही आधार सुटतो, आणि अशा जागा अभ्यासातून वगळाव्या लागतात.

आजाराच्या नावाचीही जुळवणी लागतेच. आरोग्यनोंदी एका साच्यात बसवणारी ओमॉप ही रचना प्रत्येक निदानाला आणि औषधाला ठरावीक क्रमांक देते, पण मूळ निदान बरोबर होतं का, ते ती सांगत नाही. भारतात टाइप २ कमी वयात आणि सडपातळ माणसालाही होतो. ‘तरुण आणि बारीक म्हणजे टाइप १’ हा पाश्चात्त्य आडाखा इथल्या फायलींना लावला तर दोन आजारांची सरमिसळ होते. पुण्याचं केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि ब्रिटनचं एक्सेटर विद्यापीठ यांनी २०२० मध्ये दाखवलं, की टाइप १ च्या जनुकीय जोखमीचा गुणांक भारतीय रुग्णांतही हे दोन प्रकार वेगळे करायला मदत करतो.

रोजच्या कामात एक पथ्य पाळावं: जुळवलेल्या रकान्याशेजारी मूळ रकाना, त्याचं एकक आणि नकाशाची आवृत्ती तशीच ठेवावी. एफटीओसारखी शंका आली की परत जायला तेवढीच वाट उरते.