युटीआयची बरीचशी माहिती कॉलेजच्या मुलींमुळेच मिळालीय

युटीआयबद्दल, म्हणजे लघवीच्या मार्गातल्या इन्फेक्शनबद्दल, डॉक्टर आज जे सांगतात त्यातलं बरंच काही युनिव्हर्सिटीच्या हेल्थ सेंटरमधे जळजळ होते म्हणून आलेल्या मुलींमुळे कळलंय. वय कमी, बाकी आजार नाहीत, त्यामुळे अभ्यासाला सोयीच्या.

जंतू तसा जुनाच. 1885 साली थिओडोर एशेरिश या डॉक्टरने तान्ह्या बाळांच्या शीमधे ई. कोलाय शोधला, बहुतेक युटीआय त्याचेच. राहतो आपल्याच आतड्यात, आणि बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंमी, मग मूत्राशय गाठायला कितीसा वेळ लागणार.

खरा घोळ रिपोर्टचा होता. 1950 च्या दशकात एडवर्ड कास यांनी ठरवलं की एक मिलिलिटर लघवीत 1 लाख जंतू दिसले तर इन्फेक्शन धरायचं, आकडा चांगलाच होता पण तो सगळ्यांनाच लावला गेला आणि लघवीला आग होणारी मुलगी कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची टेस्ट) निगेटिव्ह म्हणून घरी परत. 1982 मधे वॉल्टर स्टॅम यांच्या टीमने दाखवलं की त्रास होत असेल तर 100 जंतूसुद्धा पुरतात!

मग 1996 चा सिएटलचा अभ्यास, थॉमस हूटन यांचा. त्यात युनिव्हर्सिटीतल्या मुलींमधे वर्षाला माणशी सरासरी 0.7 वेळा युटीआय निघाला, म्हणजे चिक्कार. कारणं दोन ठळक, नुकताच झालेला सेक्स आणि स्पर्मिसाइड (शुक्राणू मारणारं औषध) लावून वापरलेला डायफ्रॅम (गर्भ राहू नये म्हणून योनीत बसवायची टोपी), कारण स्पर्मिसाइडने योनीतले चांगले जंतू मरतात आणि ई. कोलायला जागा मोकळी. पुसायची पद्धत, टॅम्पॉन, लघवी दाबून धरणं यांचा वारंवार होणाऱ्या युटीआयशी संबंध 2000 सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात सापडलाच नाही, तरी स्वच्छतेवरून लेक्चर मुलींनाच मिळतं, हे मला तरी पटत नाही.

2001 मधे अजून एक भानगड बाहेर आली. बर्कलेतल्या युनिव्हर्सिटीच्या मुलींमधे को-ट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकला न जुमानणारे जे ई. कोलाय निघाले त्यातले जवळपास निम्मे एकाच कुळातले, आणि तेच कूळ मिशिगन आणि मिनेसोटातल्या मुलींमधेही, ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मग इतक्या लांब एकच जंतू पोचला कसा, तर संशोधकांनी संशय घेतला तो दूषित खाण्यावर.